लॅब हेड व्हायचं की मायक्रोस्कोपलाच चिकटून राहायचं?

गुलाबी_स्लाइड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचनमात्र असते, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

एमडी पॅथॉलॉजी होऊन काही वर्षं झाली. सध्या एका मोठ्या खासगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली बघून निदान देण्याचं, रिपोर्टिंग करते. सकाळी स्लाइड्सचे ट्रे येतात, संध्याकाळपर्यंत संपवायचे. काम आवडतं. आता एका जिल्ह्याच्या गावातल्या सव्वादोनशे खाटांच्या हॉस्पिटलने लॅबचं प्रमुखपद देऊ केलंय. हिमॅटॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, क्लिनिकल पॅथॉलॉजी, थोडी सिरॉलॉजी आणि लागूनच रक्तपेढी. मायक्रोबायोलॉजीला वेगळ्या मॅडम आहेत. बायोप्सी दिवसाला जेमतेम चार-पाच.

लॅब हेड दिवसभर नक्की करतो काय? माझी हिस्टो मरेल का? आणि मशिनमधून रोज जे शेकडो आकडे बाहेर पडतात त्यांच्याखाली सही करायची म्हणजे मी कशाची हमी देते? घरचे म्हणतात, हेडची पोस्ट आहे, डोळे मिटून घे. मैत्रिणी म्हणतात रजिस्टरं भरत म्हातारी होशील.

बिनसाखरेचा_चहा

वाचतोय. या विषयातलं मला फक्त बोटाला टोचतात एवढंच कळतं. पण माझे एक-दोन प्रश्न आहेत, नंतर विचारतो.

दोन_एसडी

ताई, हेच काम करून निवृत्त झालोय. आधी ट्रस्टची हॉस्पिटलं, शेवटी एक कॉर्पोरेट. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळी आल्यावर पेशंटच्या रिपोर्टला हात लावायचा नाही. आधी कंट्रोल. ज्यातलं प्रमाण आधीच ठाऊक आहे असं द्रावण मशिनवर लावतात, निदान दोन पातळ्यांचं, आणि आलेला आकडा लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर मांडतात. हा चार्ट 1950 चा. त्यावर वेस्टगार्ड यांनी 1981 मध्ये नियमांचा संच बसवला आणि आजही जगभर लॅब त्याच नियमांवर चालतात. एक आकडा सरासरीपासून तीन एसडीच्या (एसडी म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर गेला की रिपोर्ट रोखायचे. लागोपाठ दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेले तरी रोखायचे. हे टेक्निशियनला पाठ असतं, मशिन स्वतःच लाल दिवा लावतं.

खरी मेख पुढे आहे. लागोपाठ दहा आकडे सरासरीच्या एकाच बाजूला. प्रत्येक आकडा हद्दीत, दिवा नाही, ओरड नाही. पण मशिन सरकलेलं आहे. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा टेक्निशियन वेगळा, त्यामुळे प्रत्येकाला आपापला ठिपका बरोबर दिसतो. सगळी रेघ बघणारा माणूस एकच, तो म्हणजे प्रमुख. कॅल्शियमचं एक उदाहरण देतो. कॅलिब्रेटरचा (मशिनचं माप जुळवायच्या द्रावणाचा) लॉट बदलला आणि आकडे थोडेसे वर सरकले. थोडेसेच, पण कॅल्शियमची नॉर्मल पट्टी मुळात अरुंद. ओपीडीत अचानक 10.6, 10.7 वाले पेशंट वाढले, आणि आमचे एंडोक्रिनॉलॉजिस्ट बिचारे एकेकाला पॅराथायरॉइड हार्मोनची महागडी तपासणी लिहू लागले. पेशंटच्या गळ्यात काही नव्हतं, गडबड आमच्या बाटलीत होती.

दुसरं काम म्हणजे न पटणारा आकडा अडवणं. आयसीयूतून सँपल आलं. पोटॅशियम 8.4. टेक्निशियनने रिपीट केलं, पुन्हा 8.4. मशिनची चूक नाही. आता नुसतं पोटॅशियम बघाल तर पळापळ होईल. खालची ओळ बघायची. कॅल्शियम 5.1. अल्कलाइन फॉस्फेटेज तळाला गेलेलं. आदल्या दिवशी तिन्ही ठीक होतं. वॉर्डात फोन केला, पेशंट बसून चहा पितोय, मॉनिटरवर ईसीजी अगदी नॉर्मल. म्हणजे काय झालं? लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं त्यात ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचा क्षार. ते पोटॅशियम वाढवतं, कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि फॉस्फेटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही पळवतं. रेसिडेंटने तोवर पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-ग्लुकोजचं ड्रिप भरायला सांगितलं होतं. नव्याने रक्त घेतलं, पोटॅशियम 4.3, अगदी नॉर्मल.

तुमची सही आहे ती याची हमी. की हा आकडा याच पेशंटचा आहे, नीट घेतलेल्या रक्ताचा आहे आणि त्या दिवशी मशिन ठिकाणावर होतं. मशिन आकडा देतं, रिपोर्ट माणूस देतो.

फिजिशियन_फुरसतीत

वरचं सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू वॉर्डातून लिहितो. माझ्या पाहण्यातले निम्मे लॅब हेड फोनवर सापडत नाहीत. रिपोर्टखाली "क्लिनिकली कोरिलेट करावे" (म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी जुळवून बघा) हा शिक्का मारला की काम संपलं. अहो, कोरिलेट करण्यासाठीच तर रक्त पाठवलं होतं ना!

आणि ते "70 टक्के वैद्यकीय निर्णय लॅबच्या आकड्यांवर होतात" हे वाक्य पॅथॉलॉजीवाल्यांच्या प्रत्येक परिषदेत पहिल्या स्लाइडवर असतं. कुठून आलं हे विचारा, कुणी धड सांगत नाही.

दोन_एसडी

@फिजिशियन_फुरसतीत, 70 टक्क्यांबद्दल तुमच्याशी सहमत. त्यामागे भक्कम अभ्यास नाही, मी ते वाक्य वापरणं कधीच सोडलं. याउलट लॅबच्या चुकांपैकी 60-70 टक्के चुका सँपल मशिनवर जाण्याआधीच झालेल्या असतात, हे मोजलेलं आहे. चुकीची ट्यूब, चुकीचं नाव, ड्रिप चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त. यातलं बहुतेक तुमच्या वॉर्डात होतं, डॉक्टरसाहेब, आणि ओरडा मात्र आम्ही खातो.

फोनचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. जीवावर बेतणारा आकडा आला की छापील रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरला कळवायचं, ही पद्धत जॉर्ज लुंडबर्ग नावाच्या पॅथॉलॉजिस्टने अमेरिकेत 1972 मध्ये मांडली. "पॅनिक व्हॅल्यू" हे नावही त्यांचंच, आता क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतात. कुणाला, किती वाजता कळवलं, आणि समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवला का, हे सगळं लिहून ठेवायचं. ही यादी प्रमुखाने क्लिनिशियनांबरोबर बसून ठरवायची असते. नेफ्रोलॉजीच्या पेशंटचं क्रिॲटिनिन रोज 9 असेल तर रोज रात्री दोनला फोन करून डॉक्टरांचा दुवा मिळत नाही.

सेंट्रिफ्यूज

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, सोलापूरकडचा, निम्मं आयुष्य नाइट ड्यूटीत गेलंय. मॅडम, तुम्ही डॉक्टर लोक लिहिताय ते सगळं दिवसाचं चित्र. रात्रीचं सांगतो.

रात्री अकराला लॅबमध्ये मी एकटा. कॅज्युअल्टीचं सँपल, आयसीयूचं सँपल, रक्तपेढीतून फोन, आणि ॲनालायझरचा प्रोब अडकलेला. अशा वेळी हेड कसा आहे ते कळतं. एक सर होते, त्यांना फोन केला की पहिलं वाक्य, "रिपोर्ट का थांबवलास?" दुसऱ्या मॅडम होत्या, त्या विचारायच्या, "तुला काय खटकलं?" एवढाच फरक, पण पहिल्या सरांना मी पुढे फोन करणंच बंद केलं.

त्या मॅडमनी एक गोष्ट शिकवली. हिमोग्लोबिन रोज खालीवर होईल, पांढऱ्या पेशी दुप्पट होतील, पण रक्त चढवलं नसेल तर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) एका दिवसात हलत नाही. एकदा बेड क्रमांक 14 च्या बाईंचा एमसीव्ही काल 67, आज 88. रक्त चढवलेलं नाही. मी रिपोर्ट सोडला नाही, वॉर्डात विचारलं. 14 आणि 15 च्या बायकांनी पंख्याखाली झोपायचं म्हणून आपसात बेड बदलले होते, आणि सिस्टरनी बेड नंबर बघून ट्यूबवर चिकटपट्टी लावलेली. 15 वाल्या बाईंना रक्ताची बाटली लागणार होती. पुढचं तुम्हीच समजा.

आता सहीबद्दल. 12 डिसेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या केसमध्ये स्पष्ट केलं की लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही किंवा प्रतिस्वाक्षरी हवी. आमच्यातले बरेच जण तेव्हा नाराज झाले, पोटावर पाय आला म्हणून. मी म्हणतो निर्णय बरोबर, पण झालं काय? काही डॉक्टरांनी सहीचा स्कॅन भाड्याने दिला. डॉक्टर एका तालुक्यात, सही पाच तालुक्यांत. ज्या लॅबमध्ये पाऊलही टाकलं नाही तिथल्या रिपोर्टवर त्यांचं नाव. मॅडम, हॉस्पिटलवाले "आमचं बाजूच्या गावातलं कलेक्शन सेंटर पण आहे, तिथेही तुमचं नाव टाकू" म्हणाले तर तिथे चाचण्या होतात की फक्त रक्त घेतात, हे आधी बघून या.

गुलाबी_स्लाइड

@सेंट्रिफ्यूज, धन्यवाद. बाजूच्या गावातलं सेंटर खरंच आहे! विचारते.

एरीकाठची

ओहायोतून. एमबीबीएस मिरजेचं, रेसिडेन्सी इथली. इथे ॲनाटॉमिक आणि क्लिनिकल पॅथॉलॉजी मिळून चार वर्षं असतात, त्यामुळे स्लाइडवाला आणि लॅबवाला असा भेद शिकताना तरी नसतो. नंतर पडतो. बहुतेकांना स्लाइड्स आवडतात, आणि क्लिनिकल पॅथॉलॉजीचा कारभार डिपार्टमेंटात जो गरीब दिसेल त्याच्या गळ्यात पडतो. माझ्या पडला. आता सोडायची इच्छा नाही.

सहीच्या भाड्यावरून आठवलं. इथला लॅबसाठीचा कायदा 1988 चा, क्लिया म्हणतात. त्याच्या आधी पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) वाचणाऱ्या लॅब्सच्या बातम्या गाजल्या होत्या. माणसांना स्लाइडमागे पैसे मिळत, त्यामुळे ढिगाने स्लाइड्स बघायच्या, कॅन्सर नजरेतून सुटायचे. त्या कायद्याने डायरेक्टरला व्यक्तिशः बांधलं. एक माणूस पाचापेक्षा जास्त लॅबचा डायरेक्टर होऊ शकत नाही (अगदी साध्या चाचण्यांच्या लॅब सोडून). अलीकडे भर पडली की दर सहा महिन्यांत निदान एकदा प्रत्यक्ष लॅबमध्ये जायलाच हवं. काम वाटून देता येतं, पण लेखी द्यावं लागतं, आणि वाटून दिलं तरी जबाबदारी डायरेक्टरचीच राहते.

सर्वांत कडक नियम परीक्षेच्या सँपलचा. बाहेरची संस्था अनोळखी सँपल पाठवते, तुम्ही ते पेशंटच्या सँपलसारखंच चालवून आकडा कळवायचा. ते मुद्दाम दुसऱ्या लॅबला पाठवून उत्तर जुळवलं तर लॅबचं प्रमाणपत्र जाऊ शकतं आणि डायरेक्टरला दोन वर्षं लॅब चालवायला बंदी.

सेंट्रिफ्यूज

हा नियम आपल्याकडे लावला तर निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांना टाळं लागेल. बायोकेमिस्ट्रीचं सँपल वेल्लोरच्या सीएमसीकडून येतं, हिमॅटॉलॉजीचं दिल्लीच्या एम्सकडून. आलं की दोन दिवसांत मेसेज सुरू, "तुमचं युरिक ॲसिड किती आलं?"

दोन_एसडी

हो, आणि गंमत म्हणजे जुळवून काहीच हाती लागत नाही. चार लॅबनी जुळवलं आणि चौघांचंही मशिन एकाच दिशेला सरकलेलं असलं तर? नापास झालो की मी पेढे वाटत नव्हतो हे खरं, पण त्या नापास कागदानेच मशिनला शुद्ध पाणी पुरवणाऱ्या प्लांटचा बिघाड सापडलाय. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे लोक तपासणीला आले की नापास झालात का यापेक्षा नापास झाल्यावर काय केलंत हे विचारतात. वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ 15189 या मानकाची 2022 ची आवृत्ती आल्यापासून तर "पेशंटला यातून धोका किती" हाच प्रश्न फिरून फिरून येतो. मैत्रिणी रजिस्टरं म्हणाल्या ना, ती रजिस्टरं ही. कंटाळवाणी आहेत, खोटं सांगत नाही.

बिनसाखरेचा_चहा

आता माझा प्रश्न. मी एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) एका लॅबमध्ये केलं, 7.9. घरी रोज मोजतो ती साखर 120-130 च्या वर जात नाही. डॉक्टर गोळ्या वाढवायला निघाले. खोटारडा कोण, मी, घरचं मशिन की लॅब?

फिजिशियन_फुरसतीत

फोरमवर औषध बदलायचं नसतं, तुमच्या डॉक्टरांशीच बोला. पण हिमोग्लोबिन केलंय का हल्ली?

बिनसाखरेचा_चहा

केलंय. 9.2. मूळव्याध आहे.

दोन_एसडी

मग हा कागद तुमच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. लोह कमी असलं की एचबीए1सी फुगीर येऊ शकतं. उलट रक्तपेशी लवकर तुटत असतील, जसं सिकल सेलमध्ये, तर फसवं कमी येतं. विदर्भात, नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे.

धागाकर्ती, बघा, हेसुद्धा प्रमुखाचं काम. एचबीए1सी आणि हिमोग्लोबिन दोन वेगळ्या मशिनांवर, दोन वेगळ्या टेबलांवर होतं. दोन्ही आकडे स्वतःपुरते अचूक. ते एकत्र वाचून खाली दोन ओळी लिहिणारं कुणी नसेल तर अचूक आकड्यांनीच चुकीचे उपचार होतात.

परचेसवाला

मी हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. डॉक्टरांनी न लिहिलेला विषय लिहितो, पैसा.

बहुतेक मोठी मशिन्स हॉस्पिटल विकत घेत नाही. कंपनी मशिन बसवून देते, तुम्ही ठरावीक वर्षं त्यांचंच रीएजंट (चाचणीला लागणारं रसायन) घ्यायचं, महिन्याला किमान एवढ्या टेस्ट झाल्याच पाहिजेत अशी अट. रीएजंट रेंटल. करारात दर "प्रति टेस्ट" असतो. आता कंट्रोल लावलं, कॅलिब्रेशन केलं, शंका आली म्हणून रिपीट केलं, त्यात रीएजंट जातं की नाही? जातं. त्याचे पैसे कोण देणार? दर "रिपोर्ट झालेल्या टेस्ट"मागे आहे की "मशिनवर चाललेल्या टेस्ट"मागे, या एका शब्दावर वर्षाचा हिशेब उलटा होतो. दुसऱ्या प्रकारचा करार असला की वरून दबाव येतो, मॅडम कंट्रोल दिवसातून दोनदा कशाला, एकदा लावा. म्हणून करार होताना लॅब हेड टेबलावर हवा, सही झाल्यावर नको. आमच्याकडे एक मशिन हेडला न विचारता आलं, दारातून आत जाईना.

फिजिशियन_फुरसतीत

पैशाचा विषय निघालाच आहे तर, पगार ठरावीक घ्या. लॅबच्या उत्पन्नात टक्केवारी देतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. टक्केवारी घेणारा प्रमुख मला "डॉक्टर, ही टेस्ट कशाला लिहिलीत?" असं कधीच विचारणार नाही. आणि मला तो विचारायला हवाय.

गुलाबी_स्लाइड

हा विचारच केला नव्हता. ऑफरमध्ये टक्केवारी आहे.

रक्तपेढीबद्दल कुणी लिहाल का? मला तिचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे.

दोन_एसडी

धास्ती असू दे, ती उपयोगाची आहे. रक्तपेढीला एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) वेगळा परवाना, वेगळे नियम, बहुधा वेगळा मेडिकल ऑफिसरही असेल. तो नसेल आणि तेही तुमच्याच गळ्यात मारत असतील तर माणूस मागा.

तिथे एकच हट्ट धरा, रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे पेशंटचं सीरम ठाऊक गटाच्या पेशींशी लावून बघणं, कधीही टाळायचं नाही, रात्री तीनलाही नाही. कारण आपल्या मुंबईतच घडलेलं आहे. केईएममध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे ओ म्हणायला हवं. पण त्याच माणसाचं सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करत होतं. ओ गटात जो एच नावाचा पाया असतो तोच या माणसांत नव्हता. 1952 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि जगभर तो बॉम्बे ग्रुप म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एक असं मानतात. अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. नुसत्या पेशी तपासून थांबलात तर तो ओच दिसणार. सीरम ओ पेशींशी लावून पाहिलंत तर लगेच उघडा पडतो. जास्तीची एक ट्यूब, काही मिनिटं.

एरीकाठची

+१. बॉम्बे फिनोटाइप इथे परीक्षेत हमखास विचारतात. मिरजेत शिकलेल्या मुलीला तरी चुकू नये!

हिस्टोबद्दल: मरत नाही, पण राखावी लागते. मी दुपारी दोन तास दार लावून स्लाइड्स बघते, फोन सेक्रेटरीकडे. फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून बघण्याचा) दिवस ठरलेला. कॉन्फरन्सला ब्रेस्ट-पॅथॉलॉजीलाच जाते, लॅब मॅनेजमेंटच्या व्याख्यानांना मला झोप येते. पण चार-पाच बायोप्सींवर हात चालू राहणार नाही, हे खरंय. जुन्या लॅबकडून आठवड्यातून एक दिवस काम मिळतंय का बघा.

दोन_एसडी

इथे थोडा असहमत. जिल्ह्याच्या गावात त्या चार-पाचात काय काय येतं बघा. हिस्टोबरोबर बोन मॅरो, एफएनएसी (गाठीतून सुईने काढलेल्या पेशी), पेरिफेरल स्मिअर (रक्ताची स्लाइड). डेंग्यूच्या मोसमात रोज प्लेटलेट 30 हजार वाले येतात, आणि त्यांच्यात एखादी अशी असते जिच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये गोळा झाल्यामुळे मशिनला मोजता आलेल्या नाहीत. स्मिअरच्या कडेला गठ्ठे दिसतात, निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत केलं की दीड लाख. डोळा तोच लागतो, ताई. फक्त पॅराफिनमधून, म्हणजे बायोप्सीच्या मेणाच्या ठोकळ्यांमधून, बाहेर यायचं.

गुलाबी_स्लाइड

सगळ्यांचे आभार. आज त्यांच्या ॲडमिनशी बोलले. टक्केवारीऐवजी ठरावीक पगार, चालेल म्हणाले. बाजूच्या गावात छोटं ॲनालायझर आहे आणि एकच टेक्निशियन, तिथे माझं नाव नको म्हटलं, त्यावर "बघू". आठवड्याचा एक दिवस जुन्या लॅबसाठी, चालेल. नेमणूकपत्रात एक ओळ मागितली, की रिपोर्ट रोखण्याचा आणि मशिन बंद ठेवण्याचा निर्णय लॅब प्रमुखाचा असेल. ॲडमिन हसले. म्हणाले ते मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल, गुरुवारी या.

परचेसवाला

हसले म्हणजे आतापर्यंत कुणी मागितलं नव्हतं. गुरुवारी रीएजंटचा करार पण दाखवा म्हणा. संपायची तारीख बघा.

सेंट्रिफ्यूज

मॅडम, गुरुवारी दुपारी जाऊ नका. रात्री दहानंतर न सांगता कॅज्युअल्टीच्या बाजूने लॅबमध्ये चक्कर मारा. ड्यूटीवरच्या पोराला नाव सांगा, चहा पाजा, आणि फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लटकलेला असेल तो बघा. महिनाभर 4, 4, 4, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रविवारसकट, तर तो महिन्याच्या शेवटी बसून भरलेला आहे. मधेच एखाद दिवशी 9, त्याखाली "लाइट गेली होती, कंट्रोल परत लावले" असं वाकड्यातिकड्या अक्षरात असेल, तर ती लॅब घ्या.

गुलाबी_स्लाइड

बुधवारी रात्रीच जाते. कळवते.